वाफशाचा आकडा: द्राक्षबागेत वायरलेस ओलावा-यंत्रणा बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग, त्यातली तीन एकर काळ्या रानात आणि दोन एकर माळाच्या मुरमाड रानात. ठिबक आहे, पाणी विहिरीचं आणि शेततळ्याचं, लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला अशा कामाची हौस आहे. जमिनीतला ओलावा मोबाईलवर दिसेल अशी वायरलेस यंत्रणा घरीच उभी करायची, तर सेन्सर कोणते, किती, कुठे लावायचे, सातशे मीटरवरच्या प्लॉटमधून सिग्नल घरापर्यंत कसा आणायचा, आणि पुढे मोटर आपोआप चालू-बंद करता येईल का?

करता येईल. बारा वर्षं हेच काम करतोय, बहुतेक द्राक्षात आणि थोडं डाळिंबात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. हे काम हाती घेणारे लोक सगळं डोकं रेडिओ, ॲप आणि बॅटरीत घालतात, आणि शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात सेन्सर मातीत खुपसून मोकळे होतात. यंत्रणा फसते ती नेमकी तिथे. मोबाईलवर रेषा सुंदर दिसते, पण ती रेषा मातीची नसून सेन्सरभोवतीच्या पोकळीची असते. पुतण्याला हे पहिल्या दिवशीच सांगा: रेडिओला आठ दिवस दिलेस तर खड्ड्यालाही दोन दिवस दे.

दुसरं, आपण मोजायला निघालोय ते काय, हे आधी ठरवून घ्या. तुमच्या घरात त्याला शब्द आहे: वाफसा. पाणी दिल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी निचरून खाली जातं आणि त्या जागी हवा शिरते. बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं. मुळीला पाणी आणि हवा दोन्ही मिळतं, ती अवस्था म्हणजे वाफसा. मुरमाड रानात ती एका दिवसात येते, भारी काळ्या रानात दोन-तीन दिवस लागतात. आपल्या यंत्रणेला प्रत्येक रानाचे दोनच आकडे सापडायला हवेत: वाफशाचा आकडा, आणि वेलीला पाणी ओढायला जड जायला लागतं तो आकडा. या दोन खुणांच्या मध्ये बाग ठेवायची. तिसरा कुठलाही आकडा, टक्केवारी, रंगीत घड्याळासारखी तबकडी, हे सगळं नंतरचं.

हे कशासाठी, त्याचा हिशेब एकदा मांडून बघा. बाग नऊ बाय पाच फुटांवर असेल तर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एका तासात एकरी ७,७०० लिटरच्या वर पाणी जातं. खालच्या थरात आधीच ओल असताना सवयीने तासभर जादा मोटर चालली, तर पाच एकरांत जवळजवळ ३९ हजार लिटर पाणी आणि त्यासोबत दिलेलं खत मुळीच्या खाली निघून जातं. विहीर मार्चनंतर कशी खाली जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता सेन्सर. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो दोन काट्यांचा, मातीचा विद्युत रोध मोजणारा. तो घेऊच नका. ओल्या मातीत वीज गेली की काट्यांवरचा मुलामा विद्युत-विघटनाने झिजतो आणि आकडा रोज थोडा थोडा सरकत जातो. आठवडाभरात तो काय मोजतोय ते कळत नाही.

त्याच्या वरचा म्हणजे कपॅसिटिव्ह पट्टी, काळ्या रंगाची, शे-दोनशे रुपयांत मिळणारी. तिचं तत्त्व चांगलं आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. त्यामुळे पट्टीभोवती पाणी वाढलं की तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि बाहेर येणारा व्होल्टेज उतरतो. म्हणजे ओल वाढली की आकडा कमी, हे उलटं गणित प्रोग्रॅम लिहिताना ध्यानात ठेवायचं. पण या पट्ट्या मातीत महिनोन्महिने पुरून ठेवण्यासाठी बनवलेल्याच नाहीत. कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत झिरपतं. वरचे सुटे भाग उघडे असतात. आणि एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये टायमरची चिप वेगवेगळी निघते. एनई५५५ ही चिप साडेचार व्होल्टच्या खाली धड चालत नाही, टीएलसी५५५ चालते. म्हणून दहा मागवा, बादलीतल्या पाण्यात आणि हवेत प्रत्येकीची नोंद घ्या, आणि जुळणाऱ्या सहा वापरा. वापरण्याआधी कडांना इपॉक्सीचे दोन हात, वरच्या भागावर इपॉक्सी भरून हीट श्रिंक नळी. एवढं केलं तर एक-दोन हंगाम निघतात. शिकण्यासाठी ही पट्टी उत्तम आहे.

तिसरा प्रकार वॉटरमार्क, म्हणजे दाणेदार माध्यम भरलेला, ताण मोजणारा सेन्सर. हा मातीत पाणी किती आहे ते सांगत नाही, माती ते पाणी किती घट्ट धरून बसली आहे ते सांगतो, सेंटीबारमध्ये. वेलीच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे. काळ्या रानात पाणी भरपूर दिसतं पण त्यातलं बरंचसं माती सोडत नाही, आणि मुरमाडात थोडंच असतं पण ते सहज सुटतं. दोन्ही रानांना एकाच मापात बोलायला लावणारा सेन्सर म्हणून मी तुमच्यासारख्या मिश्र बागेत हाच सुचवतो. आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. शून्य ते दहा म्हणजे चिंब. साधारण तीस ते साठच्या दरम्यान बहुतेक रानात पाण्याची वेळ होते, भारी चिकणमातीत ती साठ ते शंभरपर्यंत लांबते. ही फक्त सुरुवातीची पट्टी समजा, तुमच्या बागेचा आकडा बागच सांगेल. दोन अटी मात्र आहेत. याला एकाच दिशेची वीज सतत द्यायची नाही, उलटसुलट दिशेने क्षणभर द्यायची, नाहीतर आतले इलेक्ट्रोड खराब होतात. आणि मातीच्या तापमानाची दुरुस्ती द्यायची, त्यासाठी शेजारी डीएस१८बी२० हा तापमानाचा एक सेन्सर पुरा.

पाण्याने भरलेला टेन्शिओमीटर, म्हणजे हाच ताण डायलवर दाखवणारी नळी, तुम्ही पाहिला असेल. तो ऐंशी सेंटीबारच्या आसपास दम तोडतो, कारण आत हवा शिरते, आणि पाणी सतत भरत राहावं लागतं. वायरलेसला जोडण्यापेक्षा तो एक तसाच, डायलचा, आपल्या सेन्सरशेजारी पडताळणीला ठेवावा. तीन काट्यांचे, आरएस४८५ या लांब वायरवरच्या जोडणीने बोलणारे, ओल-तापमान-क्षारता एकत्र देणारे सेन्सरही आता सहज मिळतात. लांब वायरला ते चांगले, पण बहुतेकांना बारा व्होल्टच्या आसपास वीज लागते, म्हणजे बॅटरीचं गणित वाढतं.

किती लावायचे? पाच एकरांत पाच-पन्नास नकोत. रान दोन प्रकारचं आहे, तर काळ्या रानात दोन ठिकाणं, मुरमाडात दोन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या खोलींवर सेन्सर. म्हणजे चार नोड (सेन्सर वाचून घरी निरोप पाठवणाऱ्या डब्या), आठ सेन्सर. एकच ठिकाण ठेवलं तर तो सेन्सर चुकतोय की रान, हे कळायला मार्ग राहत नाही, म्हणून दोन. जागा निवडताना बांधाकडच्या दोन ओळी सोडा, चढ-उताराची टोकं सोडा, आणि वेल अशी निवडा की जिच्याकडे बघून तुम्ही म्हणाल, "आमची बाग अशी आहे." सगळ्यात जोमदार वेल नको, सगळ्यात मरतुकडीही नको. त्या लॅटरलच्या (ठिबकच्या ओळीतल्या नळीच्या) ड्रिपरखाली मोजपात्र ठेवून तासाला खरंच चार लिटर पडतंय का ते बघा. चोंदलेल्या ड्रिपरशेजारी हजारोंचा सेन्सर पुरलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या आकड्यावर सबंध प्लॉटला पाणी दिलं जात होतं.

ड्रिपरच्या थेट खाली लावू नका, तिथे कायम ओलच दिसेल. ड्रिपरपासून १५ ते २० सेंटीमीटर, वेलीच्या ओळीत, बोदावर (ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर). काळ्या रानात ओल आडवी पसरते, मुरमाडात ती सरळ खाली उतरते, म्हणून मुरमाडात जरा जवळ घ्या. ठिबकावरच्या द्राक्षाची कामाची पांढरी मुळी बहुतेक वरच्या दीड फुटात असते. पहिला सेन्सर २५ ते ३० सेंटीमीटरवर, दुसरा ५० ते ६० वर. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं. खालचा सांगतो कधी थांबायचं. पैशाअभावी एकच घ्यायचा झाला तर लोक वरचा घेतात. जमलं तर खालचा सोडू नका, पाणी वाया जातंय का ते फक्त त्यालाच दिसतं.

आता तो खड्डा. हे मी जसं करतो तसंच सांगतो.

वॉटरमार्क असेल तर आदल्या दिवसापासून त्याला ओल-वाळ द्यायची: रात्रभर भिजत, दिवसा वाळत, असं दोन-तीनदा, आणि शेवटी भिजलेलाच लावायचा. कोरडा लावला तर तो मातीशी जुळायला खूप वेळ घेतो. दोन दिवस आधी त्या ओळीला पाणी देऊन रान वाफशावर आणायचं, कोरड्या काळ्या रानात ऑगर (मातीत भोक पाडायचं गिरमिट) चालत नाही आणि चिखलात खड्ड्याच्या भिंती लिंपल्या जातात. सेन्सरच्या जाडीपेक्षा जेमतेम मोठा ऑगर घ्यायचा, दोन खोल्यांना दोन वेगळी भोकं, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दर अर्ध्या फुटाची माती वेगळ्या गोणपाटावर ठेवायची, मिसळायची नाही. तळाला जी माती निघाली त्यातली ओंजळभर घेऊन खडे वेचायचे, पाणी घालून श्रीखंडाइतका दाट गारा करायचा, आणि तो भोकात आधी ओतायचा. मग सेन्सर पीव्हीसी नळीच्या टोकाने हलकेच दाबत खाली न्यायचा. गारा चहूबाजूंनी वर चढताना हाताला जाणवतो, नळी जरा जड होते. तो जडपणा आला की समजायचं, आता त्याच्याभोवती हवा नाही. मग ज्या क्रमाने माती निघाली त्याच्या उलट क्रमाने, चार-चार बोटं टाकत, काठीने ठासत भरायचं.

कपॅसिटिव्ह पट्टीला ऑगरपेक्षा छोटा खड्डा बरा. खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत पट्टी आडवी खुपसायची, पण कडेवर उभी, म्हणजे वरून येणारं पाणी पट्टीच्या पाठीवर साचणार नाही. भिंत कडक असेल तर आधी तेवढ्याच जाडीच्या पात्याने फट पाडून घ्यायची, पट्टी हातोडीने ठोकायची नाही. वायर वर आणण्याआधी खाली एक वळसा द्यायचा, नाहीतर पाणी वायरच्या अंगाने घसरत थेट सेन्सरवर येतं. वायरला अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप घाला. उंदीर आणि घूस वायर सोडत नाहीत, आणि खुरपं तर नाहीच नाही.

काळ्या रानाचं वेगळं दुखणं आहे. ते वाळलं की आकसतं, भेगा पडतात, आणि भेग नेमकी आपण हलवलेल्या मातीतून जाते. एप्रिलमध्ये एका बागेत वरचा सेन्सर सलग नऊ दिवस कोरडा, शेजारी ड्रिपर चालू, खालचा सेन्सर चिंब. मालक म्हणाले सेन्सर गेला. आम्ही बोदावरचं पाचट बाजूला केलं, तर वायरच्या कडेने करंगळी जाईल एवढी भेग, आणि ड्रिपरचं पाणी त्या भेगेतून सरळ दोन फूट खाली जात होतं. सेन्सर खरं बोलत होता, त्याच्या आणि मातीच्या मध्ये हवा होती. तेव्हापासून काळ्या रानात सेन्सरच्या जागी आच्छादन जाड ठेवतो, बोद पूर्ण वाळू देत नाही, आणि खरड छाटणीच्या (एप्रिलमधल्या) आसपास प्रत्येक जागा हाताने तपासतो. लावल्यानंतरही दोन-तीन पाण्याच्या पाळ्या होईपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, माती बसायला तेवढा वेळ लागतो.

सिग्नलचं बघू. घरचं वायफाय सातशे मीटर जाणार नाही. प्रत्येक नोडला सिम म्हणजे चार रिचार्ज आणि जास्त वीज. तुमच्यासाठी लोरा, म्हणजे कमी विजेत छोटे निरोप लांबवर पोहोचवणारी रेडिओ पद्धत. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. मागवताना ८६८ लिहिलेलं मॉड्यूल चालतं, प्रोग्रॅममध्ये ८६५ च्या पट्ट्यात बसवायचं. ९१५ वर लावू नका, ती अमेरिकेची वारंवारिता आहे, इथे तिला मुभा नाही. एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२६२ चिपचं कुठलंही बरं मॉड्यूल घ्या. अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूलला वीज देऊन प्रक्षेपण करू नका, आतला प्रवर्धक जळू शकतो. साध्या तारेची पाव-लहर अँटेना ८६५ ला सुमारे ८.७ सेंटीमीटर भरते.

चार नोडसाठी लोरावॅनचा, म्हणजे लोरावर उभ्या केलेल्या मोठ्या जाळ्याचा, पूर्ण डोलारा लागत नाही, घरी एक साधा रिसीव्हर आणि नोडचा थेट निरोप पुरे. शेजारचे आठ-दहा बागायतदार सोबत येणार असतील तर मात्र आठ चॅनलचा गेटवे (सगळ्या नोडचे निरोप झेलून इंटरनेटवर टाकणारं यंत्र) एकत्र घ्या आणि गावातल्या उंच जागी, पाण्याच्या टाकीवर परवानगीने, लावा. खर्च विभागला जातो आणि सगळ्यांचं काम होतं. मला ही दुसरी वाट जास्त आवडते.

स्प्रेडिंग फॅक्टर म्हणून एक सेटिंग येईल, ७ ते १२. वाढवलं की पल्ला वाढतो, पण निरोप हवेत राहण्याचा वेळ दर पायरीला जवळजवळ दुप्पट होतो. वीस बाइटचा निरोप ७ ला साठेक मिलिसेकंदांत जातो, १२ ला १.३ सेकंद घेतो, आणि तेवढा वेळ बॅटरी खर्च होते. सातशे मीटरला ९ किंवा १० वर सुरुवात करा. प्रत्येक निरोपात नोडचा क्रमांक, निरोपाचा चढता अनुक्रमांक आणि बॅटरीचा व्होल्टेज पाठवाच. अनुक्रमांकामुळे किती निरोप वाटेत हरवले ते मोजता येतं. आणि चारही नोड एकाच ठोक्याला जागे होऊ नयेत म्हणून वेळेत काही सेकंदांचा मागेपुढेपणा ठेवा.

एक चूक माझ्याकडून झालेली आहे ती सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर आठ दिवसांनी एका बागेत चार नोड लावले. अँटेना मांडवाच्या तारेखाली, फवारणीचा त्रास नको म्हणून. घरापर्यंत एकही निरोप चुकत नव्हता. डिसेंबर उजाडला, पान भरलं, आणि दोन नोड दुपारपर्यंत गप्प व्हायला लागले, सकाळी दवात तर पूर्ण बंद. ओलं पान म्हणजे पाणी, आणि पाणी ही वारंवारिता शोषून घेतं, वर मांडवाच्या लोखंडी तारांचं जाळं. छाटलेल्या बागेत घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हती. अँटेना मांडवाच्या वर दोन-अडीच फूट काढल्यावर प्रश्न सुटला. तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा, पण ब्लोअरचा ट्रॅक्टर वळतो त्या टोकाच्या खांबावर नको. घराकडची अँटेना गच्चीच्याही वर, पाईपवर, आणि त्या पाईपला अर्थिंग. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे.

बॅटरीबाबत एकच सांगणं: चिपचा कागद वाचू नका, बोर्ड मोजा. नोड चालवणारी ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास घेते, पण बाजारातल्या तयार बोर्डावरचा लाल दिवा, रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप मिळून काही मिलिॲम्पिअर सतत खातात. १० मिलिॲम्पिअर खाणारा बोर्ड २,५०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत संपवतो. दिवा उपटा, सेन्सरची वीज मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त वाचनापुरती सोडा, अर्धा सेकंद स्थिर होऊ द्या, दहा-पंधरा वाचनं घेऊन त्यातलं मधलं पाठवा. ओलावा मिनिटाला बदलत नाही, अर्ध्या तासाला एक नोंद पुरेशी आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणि सहा व्होल्टचं छोटं सौर पॅनल लावा, उन्हाळ्यात डबीत तापमान खूप चढतं आणि साध्या लिथियम-आयनला त्या उष्णतेत चार्जिंग सोसत नाही. डबी पांढरी, आयपी६५ (धूळ-पाणी आत न शिरणारी), वायर खालूनच आत, वायर आत घेण्याची केबल-ग्लँड घट्ट आवळलेली. ती नीट आवळली नाही तर पंधरा दिवसांत आत मुंग्या घर करतात.

आणि पॅनल पुसत जा. द्राक्षात फवारणी किती होते ते तुम्ही जाणता. बोर्डोचा निळसर थर बसला की पॅनल निम्मंही काम करत नाही. गंधकाच्या फवाऱ्याने तांब्याची उघडी टोकं काळी पडून संपर्क तुटतो, म्हणून एकही सांधा उघडा ठेवायचा नाही, प्रत्येकावर हीट श्रिंक आणि ग्रीस.

घरच्या रिसीव्हरला लाईट गेल्यावर चालेल असा राउटरचा छोटा यूपीएस द्या आणि त्यातच मेमरी कार्डवर नोंद होऊ द्या. इंटरनेट दोन दिवस गेलं तरी नोंदी जिथल्या तिथे राहायला हव्यात. ॲप कुठलं, यावर मी फार बोलत नाही. एक साधी रेषा, सात दिवसांची, दोन्ही खोल्यांची एकाखाली एक, एवढं दिसलं की झालं. इशारे दोनच ठेवा: ओल खालच्या खुणेला टेकली, आणि नोड तीन तास बोलला नाही.

रेषा कशी वाचायची, यात खरी गोडी आहे. पाणी दिलं की वरच्या सेन्सरची रेषा उडी मारते, मग निचरा होत ती उतरते आणि एक-दोन दिवसांत सपाट होते. सपाट झाली त्या ठिकाणी थांबा, बागेत जा, त्या खोलीची माती मुठीत दाबा. लाडू वळतो पण हाताला पाणी लागत नाही, अंगठ्याने दाबला की फुटतो? हा तुमचा वाफशाचा आकडा. खडूने डबीच्या आत लिहून ठेवा. त्यानंतर रेषा जिन्यासारखी उतरायला लागते: दिवसा उतार, रात्री सपाट. ती पायरी म्हणजे वेल पाणी पिते आहे. प्रत्येक दिवशीची पायरी साधारण सारखी असते. ऊन तसंच असताना ज्या दिवशी पायरी बुटकी झाली, त्या दिवशी वेलीला पाणी ओढायला जड जाऊ लागलं. तो तुमचा दुसरा आकडा. वॉटरमार्क असेल तर आकडे उलटे चढतील, पण जिना तोच. अशा दोन-तीन आवर्तनांत दोन्ही आकडे पक्के होतात, आणि काळ्या रानाचे आणि मुरमाडाचे ते वेगळे निघतील.

खरी टक्केवारी हवी असेल तर त्या खोलीची माती नेऊन भट्टीत १०५ अंशांवर २४ तास वाळवावी लागते. कोरड्या मातीच्या वजनाशी पाण्याचं प्रमाण २८ टक्के निघालं आणि मातीची घनता १.२५ असेल तर आकारमानाने ३५ टक्के. पुतण्याने एकदा हे जरूर करावं, समज पक्की होते. रोजच्या पाण्याला त्याची गरज नाही.

कपॅसिटिव्ह पट्टीच्या बाबतीत दोन फसव्या गोष्टी. ठिबकातून खत सोडलं की क्षार वाढतात आणि ओल वाढल्यासारखी उडी दिसते. पाणी तेवढंच होतं, बदललं ते खत. क्षारयुक्त चोपण जमिनीत हा घोळ कायमचा. आणि दुपारच्या उन्हात आकडा थोडा हलतो, म्हणून दिवसांची तुलना करायची तर रोजची पहाटे सहाची नोंद घ्या.

द्राक्षात या सगळ्याचा उपयोग दोन वेळांना जास्त होतो. खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीत सूक्ष्मघड तयार होतो, तेव्हा पाणी थोडं ताणायचं असतं. अंदाजाने ताणलं तर मुरमाडातली बाग होरपळते आणि काळ्यातली ताणावर जातच नाही, कारण दोन्हीकडे सारखेच तास मोटर बंद असते. रेषा समोर असली तर दोन व्हॉल्व्ह वेगळे चालवता येतात. दुसरी वेळ मण्यात पाणी उतरल्यानंतरची, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावरची. कोरडं पडू देऊन एकदम पाणी सोडलं की मणी तडकतात. तिथे वरच्या सेन्सरची रेषा जितकी सपाट ठेवाल तितकं बरं, थोडं पण रोज.

ऑक्टोबर छाटणीआधी शेणखतासाठी बोदाला चारी घेता, तेव्हा वायर तुटणार हे धरून चला. सेन्सर लावल्या दिवशीच कागदावर नकाशा काढा: ओळ कितवी, वेल कितवी, ड्रिपरपासून किती, पाईप कुठल्या बाजूने. फोटो काढा. आणि चारी घ्यायच्या दिवशी मजुरांसोबत स्वतः त्या चार वेलींपाशी उभे राहा.

राहिला मोटरचा प्रश्न. पहिला पूर्ण हंगाम मोटर जोडू नका. तुमच्या वहीत रोज तीन रकाने ठेवा: पहाटेचा आकडा, दिलेले तास, आणि मुठीतली माती काय म्हणते. वर्षभर रेषा आणि मूठ जुळत राहिली तर पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह जोडा, तेही कमाल तासांची सीमा घालून आणि विहिरीतल्या पातळीचा स्विच मध्ये ठेवूनच, कारण सेन्सरची वायर तुटली तर यंत्रणेला रान कायम कोरडं दिसेल आणि ती पाणी देतच राहील. रात्रीच्या लाईटीला उठणं टाळायचं हा तुमचा हेतू मला समजतो. त्यासाठी आधी एवढं करा: संध्याकाळी सातला रेषा बघून आज रात्री मोटर लावायची की नाही ते ठरवा. हिवाळ्यात, काळ्या रानात, बऱ्याच रात्री उत्तर "नको" असं येईल.

आता छाटणीला महिना आहे. दोन वॉटरमार्क, कपॅसिटिव्ह पट्ट्या (वर सांगितलेल्या दहांतल्या जुळणाऱ्या चार लावायला) आणि एक डायलचा टेन्शिओमीटर एवढंच आधी मागवा, सगळं एकाच काळ्या रानातल्या वेलीपाशी लावा आणि रेषा शेजारी शेजारी बघा. उरलेलं सामान त्यानंतर.